गोधडीच्या पोटात

२०२३ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी बॉस्टनहून मुलीचा फोन आला. तिचा फोन रविवारी दुपारी येतो. सकाळी आला म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं. "आई, आजीची गोधडी फाटली," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. एकतीस वर्षांची, हॉस्पिटलात रात्रपाळ्या करणारी मुलगी, पण आवाज पाचव्या वर्षीचा होता. इमारतीच्या तळघरातल्या वॉशिंग मशीनमध्ये तिने गोधडी टाकली होती. मशीनच्या मधल्या दांड्याभोवती ती गुंडाळली गेली, दोन ठिकाणी हातभर उसवली आणि एका कोपऱ्यात तर कापडाचा अक्षरशः भुगा झाला.

ही गोधडी माझ्या आईने १९९१ साली साताऱ्याला शिवली आणि माझ्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला येताना बॅगेत तळाशी घालून आणली. मसाले, डिंक, हाताने वळलेल्या शेवया आणि ही गोधडी. कस्टमच्या माणसाने शेवया हुंगून पाहिल्या, गोधडीकडे बघितलंही नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी गोधडी असेल. लिनन क्लॉझेटच्या वरच्या फळीवर, नाहीतर बेसमेंटमधल्या बॅगेत. टाकवत नाही आणि वापरवत नाही. ती फाटली तर करायचं काय, हा प्रश्न मला वाटला होता तितका सोपा निघाला नाही. त्याचा पाठपुरावा करता करता मी आपल्या लुगड्यांपासून अमेरिकेतल्या म्युझियमपर्यंत जाऊन आले, त्याची ही हकिगत.

गोधडी शिवायची म्हणून पूर्वी कुणी कापड विकत आणत नसे. ती लुगड्याच्या आयुष्यातली शेवटून दुसरी पायरी. नऊवारी लुगडं नवीन असताना सणावाराचं, मग जाण्यायेण्याचं, मग घरातलं. बसून बसून मध्ये विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन्ही धड तुकडे जोडून शिवायचे. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं नेसून बाई गावातून गेली की घरची परिस्थिती न सांगता कळे. दंडाच्याही पलीकडे गेलं की त्यातून लहान मुलींचे परकर, बाळाची झबली, लंगोट आणि दुपटी निघत. बाळाला पहिलं वस्त्र जुन्याचं घालायची आपल्याकडची रीत आहे. तिला काय काय अर्थ चिकटवले गेले असले तरी जुनं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं हे कारण पुरेसं आहे. उरलेलं सगळं गोधडीत जाई. आणि गोधडीतूनही जे निभावलं नाही त्याचं पोतेरं. त्यानंतर मात्र काही उरत नसे.

देशावर तिला वाकळ म्हणतात, सीमाभागात कानडी शेजाऱ्यांची कौदी, संस्कृतात कंथा. शिवण्याची वेळ उन्हाळ्यातल्या दुपारची. सारवलेल्या जमिनीवर किंवा ओसरीत धुऊन कडक वाळवलेलं लुगडं पसरायचं, त्यावर आतले थर: फाटकं धोतर, सदऱ्याच्या पाठी, पंचे, पूर्वीची गोधडी. वरून पुन्हा लुगडं. कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताला लागेल ते वजन. सुरकुती राहता कामा नये, कारण एकदा आत गेलेली सुरकुती जन्मभर पाठीला टोचते. मग बाई त्या कापडावरच बसते आणि कडेने धावदोरा घालायला लागते. एक फेरा झाला की बोटभर आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. चौकोनात चौकोन करत टाके मध्यापर्यंत येतात. अमेरिकन क्विल्ट बहुधा चौकटीवर ताणतात आणि तिच्याभोवती बसून शिवतात. आपली गोधडी जमिनीवर शिवतात आणि शिवणारी तिच्यात बसलेली असते. हा फरक मला फार नंतर लक्षात आला.

पण या लेखासाठी महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. आमच्या घरी नवरात्राआधी, घट बसण्याच्या आधी, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जाई. कृष्णेच्या घाटावर ओल्या गोधड्या दोघी-दोघींनी पिळायच्या, दगडावर धोपटायच्या. मशीनचा दांडा त्यापुढे काहीच नाही. मग त्या गोधड्या टिकत कशा? तर त्या टिकत नसतच. दोन-चार वर्षांनी कापड विरलं की वरून दुसरं लुगडं घालून पुन्हा सगळीकडून टाके. जुनं उसवायचं नाही. ते आत जायचं. आतलं सगळ्यात जुनं, बाहेरचं सगळ्यात नवं. जुन्या घरातल्या एखाद्या गोधडीत किती थर आहेत हे घरातल्या कुणालाही सांगता येत नसे. गोधडी 'पूर्ण' अशी कधी होतच नाही.

म्हणजे माझ्या मुलीची गोधडी मशीनने फाडली हे अर्धंच खरं. गेली बत्तीस वर्षं तिच्यावर कुणी दुसरं कापड घातलं नव्हतं. आम्ही तिला जपलं, आणि जपण्यानेच ती मेली. आई २००९ साली गेली. त्यानंतर तर तिचा एकही टाका हलवायचा नाही असा अलिखित नियम झाला होता.

आता गोधडीच्या पोटातलं कापड. त्याचा इतिहास आपल्या इतिहासापेक्षा वेगळा नाही, आणि त्यात अमेरिका आपण इथे येण्याच्या शंभर वर्षं आधीच शिरलेली आहे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत सट्ट्याचा उन्माद झाला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याबरोबर भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंदसारखे मातब्बर धुळीला मिळाले. त्याच्याही आधी कंपनी सरकारने अमेरिकन मळेवाले बोलावून अमेरिकन बियाणं धारवाडच्या बाजूला रुजवलं होतं. 'धारवाड-अमेरिकन' नावाची कापसाची जात त्यातूनच आली. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली, आणि मग शतकभर घाटावरच्या आणि कोकणातल्या घरांतली माणसं गिरणगावात साचे चालवत राहिली. आमच्या गोधड्यांच्या आत जे मांजरपाट आहे ते विणणाऱ्यांत आमच्याच गावची माणसं असणार.

दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही काही वर्षं कापडावर नियंत्रण आलं. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द आमच्या आजीच्या पिढीच्या तोंडी शेवटपर्यंत होता. त्या काळातल्या गोधड्यांत चिंधीएवढा तुकडाही वाया गेलेला दिसत नाही. आणि मग उलटाच प्रकार झाला. साठ-सत्तरच्या दशकांत नायलॉन, टेरिलीन, पॉलिएस्टर आलं. धुवायला सोपं, इस्त्री नको, विटत नाही, फाटत तर मुळीच नाही. बायकांना त्याचा केवढा सुटकारा वाटला असेल हे आज आपण सुती हातमागाचं कौतुक करताना विसरतो. पण न फाटणाऱ्या साडीची गोधडी होत नाही. ती निसरडी असते, सुई तिच्यातून करकरत जाते, घाम शोषत नाही आणि थंडीत अंगाशी ऊब धरत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा साचा दिसला नाही. त्याच्या पुढच्या दहा वर्षांत माझ्या आईसारख्या बायकांना गोधडीसाठी जुनं सुती लुगडं शोधत फिरावं लागत होतं. १९९१ साली तिने माझ्या आजेसासूबाईंची ट्रंक उघडायला लावली होती, हे मला सासूबाईंनी नंतर जरा फणकाऱ्यानेच सांगितलं.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मी १९८७ साली विमानात बसले तेव्हा गोधडी आणली नव्हती. आणली ती सोलापुरी चादर आणि एक लोकरी ब्लँकेट. गोधडी ही घरात वापरायची, पाहुण्यांना द्यायची नाही. पाहुणा आला की शेजारून रजई मागून आणायची. ठिगळांत दारिद्र्य दिसतं आणि दारिद्र्य झाकायचं असतं. ज्यांना ते झाकायचं नव्हतं असे फार थोडे. गाडगेबाबा त्यांपैकी एक. डोक्यावर फुटकं गाडगं आणि अंगावर ठिगळांचं पांघरूण, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. १९५६ साली ते गेले. लाखोंच्या धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यात राहिले नाहीत आणि पांघरूण बदललं नाही. त्याही मागे गेलं तर बौद्ध भिक्षूंचं चीवर तुकडे जोडूनच शिवायचं असे. मगधातली भाताची खाचरं पाहून बुद्धाने आनंदाला तसा नमुना करायला सांगितलं अशी कथा विनयपिटकात आहे. म्हणजे जोडकापडाला आपल्याकडे वैराग्याचा मान आहे, पण ते वैराग्य पत्करलेलं असावं लागतं. गरीब बाईने नाइलाजाने शिवलेल्या ठिगळांना तो मान नाही.

बंगालच्या कांथेचं नशीब जरा बरं. तिच्यावर हत्ती-घोडे, कमळं, रथ भरलेले असतात, त्यामुळे कलेच्या जाणकारांनी ती वेळेवर उचलली. स्टेला क्रामरिश या विदुषींनी जमवलेल्या कांथा आज फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहेत. गोधडीवर चित्र नसतं. नुसते टाके आणि काठ.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली होती. क्विल्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळ्यात टांगलेली, बक्षिसाची निळी फीत लावलेली वस्तू येते. पण १९३० च्या मंदीत इथल्या शेतकऱ्यांच्या बायका कोंबड्यांच्या खाद्याच्या आणि पिठाच्या सुती पोत्यांतून कपडे नि क्विल्ट शिवत होत्या. पोती विकली जावीत म्हणून गिरण्या त्यांवर फुलं छापू लागल्या. आणि आपल्यासारखंच, जुनं क्विल्ट नव्याच्या आत भरून टाकायची पद्धत इथेही होती. दुरुस्ती करणाऱ्यांना अजून अधूनमधून क्विल्टच्या आत दुसरं क्विल्ट सापडतं.

फरक पडला तो क्विल्ट बिछान्यावरून भिंतीवर गेल्यावर. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हान डर हूफ या दोघांनी जमवलेली क्विल्ट आधुनिक चित्रांसारखी पांढऱ्या भिंतींवर टांगली गेली. लोक दचकले. १९८१ मध्ये केंटकीत जुन्या क्विल्टची नोंद करायला सुरुवात झाली: माणसांनी घरची क्विल्ट घेऊन यायचं, फोटो काढायचा, कुणी शिवलं, केव्हा, कशाचं, ते लिहून ठेवायचं. मग एकामागून एक बहुतेक राज्यांनी तेच केलं. १९९७ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकन शहरी विद्यापीठाला जेम्स दांपत्याने साडेनऊशेच्या आसपास क्विल्ट दिली आणि आजच्या इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियमचा पाया घातला. तिथे भारत-पाकिस्तानातलीही काही आहेत.

भिंतीवर जाण्याला किंमत असते, आणि ती बहुधा शिवणारीच चुकवते. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जियातल्या अथेन्स गावाजवळ १८३७ साली गुलामीत जन्मलेली बाई. तिने बायबलातल्या कथांचं अकरा चौकटींचं क्विल्ट शिवलं आणि १८८६ साली तिथल्या कापूस-मेळ्यात मांडलं. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ते विकत मागितलं. पॉवर्स नाही म्हणाली. काही वर्षांनी हालाखी आली, नवऱ्याशी बोलून तीच क्विल्ट घेऊन आली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. जाण्याआधी तिने प्रत्येक चौकटीचा अर्थ स्मिथबाईंना सांगितला. तो त्यांनी लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला कळतो. आणि नंतर ती ते क्विल्ट बघायला अनेकदा येत राहिली. लेकीला सासरी भेटायला जावं तशी. आज ते स्मिथसोनियनमध्ये आहे, आणि १९९२ च्या सुमारास संस्थेने त्याच्या नकला चीनमध्ये करून घ्यायचा परवाना दिला तेव्हा देशभरच्या क्विल्ट करणाऱ्या बायकांनी रान उठवलं होतं.

अॅलाबामातल्या जीज बेंडची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. नदीच्या वळणात अडकलेलं, पूर्वीच्या गुलामांच्या वंशजांचं गाव. १९६६ साली तिथल्या परिसरात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था निघाली. २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीत त्यांची क्विल्ट लागली, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आली. २००७ मध्ये काही जणी आपल्या वाट्याचे पैसे मिळाले नाहीत म्हणून कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. पण माझ्या मनात राहिलं ते त्यांतलं १९४२ चं एक क्विल्ट. नवरा वारल्यावर मिसूरी पेटवे या बाईने मुलीला हाताशी धरून त्याच्या शेतावरच्या कपड्यांचं ते शिवलं. गुडघ्यांवर विटलेल्या पँटी, खिसा काढल्यावर राहिलेला गडद चौकोन. पांघरायला. भिंतीवर लावायला नव्हे.

याच संदर्भात आपल्या जवळची एक गोष्ट. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, सिद्दी, राहतात. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी अगदी आपल्या गोधडीसारखी: कडेने सुरुवात, फेरे घेत आत. चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी खोचलेली असते, तिला त्या 'फुलं' म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी नागडी समजतात. विस्कॉन्सिनचे कला-इतिहासकार हेन्री ड्र्यूअल यांनी त्यांचा अभ्यास केला आणि २०११ साली त्या कवंद्या हार्लेममधल्या शॉमबर्ग सेंटरमध्ये मांडल्या गेल्या. आफ्रिकेच्या दोन वाटांनी फुटलेल्या लेकरांची गोधडी अशी न्यूयॉर्कात भेटली. आम्ही तेव्हा तासाभराच्या अंतरावर राहत होतो आणि आम्हाला पत्ताही नव्हता.

असो. मुलगी गोधडी घेऊन आली. मी ती आमच्या गावातल्या क्विल्ट गिल्डच्या एका सत्तरीतल्या बाईंना दाखवली. त्यांनी आधी हात धुतले. मग चादरीवर पसरून, भिंग घेऊन, तासभर बघितलं. "धुऊ नका. उसवू नका. आणखी काही करायच्या आधी फोटो काढा." म्युझियमची रीत त्यांनी समजावून सांगितली. फाटलेल्या भागाखाली त्याच रंगाचं मऊ कापड सरकवायचं, वरून केसासारखी बारीक जाळी घालायची, आणि जुन्या टाक्यांना धक्का न लावता बारीक दोऱ्याने ती टाचायची. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही. सुती उशीच्या अभ्र्यात, आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या घालून, आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालायची, नाहीतर घडीवरच कापड तुटतं. जे करू ते पुढे कुणाला काढता आलं पाहिजे, हा त्यांचा मुख्य नियम. मला तो पटला. आपल्याकडच्या देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांना कुणीतरी हा नियम शिकवायला हवा.

कोपऱ्यातला भुगा कशाने झाला तेही त्यांनीच सांगितलं. आईने कडेला आजेसासूबाईंच्या चंद्रकळेच्या पट्ट्या लावल्या होत्या, आणि नेमकं तेच काळं कापड विरलं होतं. शेजारचं रुईफुली काठाचं लुगडं, त्याच वयाचं असून, धड होतं. गिरणीच्या स्वस्त काळ्या सुती कापडाला बहुधा सल्फर ब्लॅक नावाचा रंग देत. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं आणि ते सुताला खातं. इथल्या एकोणिसाव्या शतकातल्या क्विल्टमध्ये लोहाच्या क्षारांनी पक्के केलेले तपकिरी नि काळे तुकडे असेच आधी झडतात. रेशमी क्विल्टची तर आणखी वाईट अवस्था: तेव्हा रेशीम वजनावर विकत, डिंक धुतल्यावर कमी झालेलं वजन व्यापारी कथिलाचे क्षार भरून वाढवत, आणि तसलं रेशीम काचेसारखं तडकतं. त्यावर इलाज नाही. आमच्या बेसमेंटच्या ओलीचा यात वाटा होताच.

तेवढ्यात बाईंनी भिंग त्या भगदाडावर धरलं आणि मला बोलावलं. विरलेल्या चंद्रकळेखाली धोतराचा पांढरा थर होता, आणि त्याच्या खाली लाल दोऱ्याने शिवलेली एक बारीक कड. दुसऱ्याच हाताचे टाके: आईचे लांब आणि सरळ, हे आखूड आणि थोडे तिरके. आत चौकडीच्या कापडाचं एक छोटं दुपटं होतं. मी घरी येऊन अल्बम काढला. १९६० सालचा, माझ्या बारशाचा फोटो, काळा-पांढरा, त्यात आजीच्या मांडीवर मी आणि माझ्याखाली तीच चौकडी. साताऱ्याला मावशीला फोन केला. ती हसायलाच लागली. "अगं, मग कशात घालायचं होतं ते? तुझ्या आजीनं शिवलेलं, टाकवत नव्हतं. ताई म्हणाली, आत घालते, म्हणजे अमेरिकेला जाईल."

आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नसेल.

आता पंचाईत अशी की मुलीला ते दुपटं बाहेर काढून बघायचं होतं. चौकट करून भिंतीवर लावायचं, असं तिच्या मनात. गिल्डच्या बाई जाळी लावून सगळं आहे तसं ठेवा म्हणत होत्या. मला काहीच ठरवता येत नव्हतं. शेवटी निकाल लावला तो मंडळातल्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी. वय अठ्ठ्याहत्तर, गाव कराडजवळ, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आणि इथे करमत नाही म्हणून कावलेल्या. त्यांनी भिंग वगैरे घेतलं नाही. बोटांनी चाचपलं, कोपरा नाकाशी नेऊन वास घेतला. "उसवायची कशाला? वरून घाला की एक," म्हणाल्या. "आणि ही जाळी कशाला? मच्छरदाणी आहे का?"

वरून घालायला सुती लुगडं हवं. माझ्या कपाटात पैठण्या, कांजीवरम, सिल्क, शिफॉन; पांघरावंसं एक नाही. मंडळाच्या बायकांना फोन केले. चाळीस घरांतून मिळून तीन जुनी सुती पातळं निघाली, त्यातलं एक इरकली, तेही 'नंतर परत देशील ना' या अटीवर देऊ केलेलं. ते घेतलं नाही. दुसरं एक, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, निळं, एका मैत्रिणीने तिच्या आईचं दिलं. माझ्या आईची नि तिच्या आईची कधी भेट झाली नव्हती.

तडजोड अशी निघाली. आईच्या हाताचा वरचा भाग तसाच ठेवायचा. भगदाडाला खालून आधार आणि वरून गिल्डच्या बाईंची जाळी. दुपटं आतच राहील, पण जाळीतून त्याची लाल कड बोटभर दिसेल. पाठीमागून मात्र पूर्ण निळं पातळ. आणि टाके सगळ्या थरांतून, जुन्या ओळींच्या मधून, नवीन. आजींना जाळी शेवटपर्यंत पटली नाही आणि गिल्डच्या बाईंना आरपार टाके पटले नाहीत. दोघी एका शनिवारी आमच्या फॅमिली रूममध्ये समोरासमोर आल्या. एकीला मराठीखेरीज काही येत नव्हतं, दुसरीला इंग्रजीखेरीज. सोफे भिंतीला सरकवले, कार्पेटवर चादर, चादरीवर गोधडी, कोपऱ्यांवर वरवंट्याऐवजी एन्सायक्लोपीडियाचे चार खंड, जे घेतल्यापासून प्रथमच उपयोगी पडले. आजी गोधडीवर बसल्या. गिल्डच्या बाई क्षणभर कळवळल्या, मग बूट काढून त्याही एका कडेला बसल्या. त्यांनी आपलं अंगुस्तान आजींना देऊ केलं. आजींनी ते बोटात घालून पाहिलं, परत दिलं, आणि सुईत दोरा ओवून त्यांच्या हातात ठेवला.

सहा शनिवार गेले. शनिवारी कधी पाच जणी असायच्या, कधी दोघी. मुलगी दोनदा बॉस्टनहून ड्राइव्ह करून आली. तिचे टाके सर्जनच्या टाक्यांसारखे सुटे सुटे, प्रत्येकाला गाठ; आजींनी तिची एक अख्खी ओळ काढून टाकली. परतीच्या तिकिटाच्या आठवडाभर आधी फेरे मध्यावर आले. शेवटचा टाका मुलीने घातला आणि गाठ थरांमध्ये कशी ओढून लपवायची ते आजींनी दाखवलं.

इथल्या क्विल्टवाल्यांची एक पद्धत आम्ही घेतली. पाठीमागच्या कोपऱ्यावर पांढऱ्या कापडाची चिठ्ठी शिवली आणि तिच्यावर पक्क्या शाईने देवनागरीत लिहिलं: आतलं दुपटं १९६०, गोधडी १९९१, निळं पातळ २०२३, आणि प्रत्येकापुढे शिवणारीचं नाव. २०२३ पुढे आठ नावं आहेत, त्यातलं एक इंग्रजी. खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली. मुलगी गोधडी घेऊन बॉस्टनला गेली ती बाथटबमध्ये हाताने धुईन आणि मशीनचं नाव काढणार नाही असं कबूल करून. मागच्या आठवड्यात तिने फोनवर विचारलं, तुझी सुती पातळं किती उरलीत. मी म्हटलं, एकही नाही. "मग दोन-तीन घे," म्हणाली, "आणि आत्तापासून नेसायला लाग."